अभ्यासाला एक म्हातारा हवा

— उठता कशाला? बसा हो, धनसिंगभाऊ, बसा. बायका वरच्या माळ्यावर गेल्यात म्हणजे बस्ता काही लवकर आटोपत नाही. आत्ता कुठे नवरीचा शालू चाललाय — मग करवल्या, मग मावश्या, मग तुमच्या विहीणबाईंच्या जावा, मग त्यांतली एखादी रुसणार, मग तिची समजूत, आणि मग पुन्हा शालू. पुरुषमाणसानं तिथं जाऊ नये. आपण इथं खाली गादीवर बसायचं, चहा प्यायचा, आणि वरून हाक आली की 'छान आहे' म्हणायचं. नवरीच्या बापाला तेवढंच काम. तो तक्क्या ओढा पाठीशी — माझ्या वडलांच्या वेळचा आहे, कापूस मात्र दर दिवाळीला पिंजून भरतो. टेका निवांत, कारण पुढल्या वेळी याल तेव्हा टेकायला मिळायचं नाही. का म्हणजे? सोमवारपासून दुकान बंद. पौष लागतोय, लग्नं नाहीत, तेवढ्यात सुतारकाम उरकायचं. गाद्या निघणार, काउंटर येणार — काचेचा! नंदू, माझा थोरला, तो काय गल्ल्यावर बसलाय तो — जळगावला जाऊन बघून आला, तिथं म्हणे सगळीकडे आता तसंच. गिऱ्हाईक उभं, पलीकडे आपला माणूस उभा, मध्ये काच. मी म्हटलं, अरे, उभं गिऱ्हाईक निघून जातं, बसलेलं गिऱ्हाईक घेतं. तर म्हणाला, "नाना, जमाना बदलला." बदलला तर बदलला! मला काय त्याचं — मला उलट बरंच झालं. वेळ पाहिजेच होता. अभ्यास असतो ना माझा.

हसताय? हसा, आधी सगळेच हसतात. कॉलेजात जातो मी. — नाही हो, थट्टा कसली, देवपुराकडचं कॉलेज, आठवड्यातून तीन दुपारी. फी भरलीय, ओळखपत्र आहे, त्याच्यावर फोटो आहे — टोपी घालून काढायचा की काढून काढायचा म्हणून फोटोवाल्याशी अर्धा तास हुज्जत, शेवटी टोपीसकट निघाला. चौथी पास माणूस मी, पण ह्या कोर्साला शिक्षणाची अट नाही! वडील गेले, पाटी खाली ठेवली आणि गज हातात धरला. पण वाचायची खोड जुनी. सुरतेचा माल यायचा ना, गठ्ठ्यात मध्ये मध्ये रद्दी घातलेली असायची — मी आधी रद्दी वाचायचो, मग साड्या मोजायचो. गुजराती मी त्या रद्दीवर शिकलो. आणि कॉलेजात विषय कोणता घेतलाय माहीत आहे? म्हातारपण. — हो, म्हातारपणाचाच अभ्यास! वार्धक्यशास्त्र म्हणतात त्याला. आता तुम्ही म्हणणार, म्हातारं व्हायला कॉलेज कशाला लागतं. आमच्या घरातून पण तेच ऐकलं — "ते तर घरात बसून फुकट होतंय." पण तसं नाही, धनसिंगभाऊ. शास्त्र आहे ते. माणसाला म्हणे तीन वयं असतात — एक शरीराचं, एक मनाचं, आणि एक लोकांनी ठरवलेलं. पहिली दोन आपल्या हातात थोडीफार. तिसरं अजिबात नाही.

कसा गेलो म्हणता? पडद्यांमुळं. कॉलेजच्या खिडक्यांना पडदे पाहिजे होते, मापं घ्यायला मी स्वतः गेलो — तेव्हा मापं मीच घ्यायचो. तर तिथं देवरे मॅडम म्हणून एक बाई, आपल्या नंदूपेक्षा लहान, कपाळाला हात लावून बसलेल्या. म्हटलं, काय झालं मॅडम, पडद्याचा रंग पटला नाही का? तर म्हणाल्या, "रंगाचं नाही हो शेठ. नवा कोर्स मिळालाय, पण मुलं येईनात. डोकी भरली नाहीत तर कोर्स जाईल." मुलं म्हणत होती, म्हाताऱ्यांचा अभ्यास करून नोकरी कोण देणार? मी दोरी गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "मॅडम, एक डोकं माझं धरा." — आणि उगीच नाही म्हटलं हं. मी हिशेब केला, व्यापाऱ्याचा हिशेब. आपल्या लहानपणी साठीची माणसं गावात कितीशी असायची? आता औषधं आली, मोतीबिंदूची ऑपरेशनं आली, माणसं काही लवकर हलत नाहीत. म्हणजे आणखी वीस-पंचवीस वर्षांनी बाजारात गिऱ्हाईक कोण? म्हातारे! त्यांना काय लागतं, काय आवडतं, हे ज्याला आज कळलं त्याचं दुकान चाललं. म्हणून गेलो. धंद्यासाठी. दुसरं काही नाही.

पहिल्या दिवशी मी वर्गात पाय ठेवला तर पोरं खाडकन उभी राहिली — त्यांना वाटलं, प्रोफेसर आले. मी पण जरा थांबलो, कोणाला बरं वाटणार नाही? — मग मागच्या बाकावर जाऊन बसलो, तर सगळ्यांच्या माना वळल्या. आता त्यांना वाटलं, तपासणीचा साहेब आला. मॅडम आल्या, हजेरी झाली, माझं नाव पुकारलं — रुपचंद — आणि मी "हजर!" असं ओरडलो, चौथीत ओरडायचो तसं. तेव्हापासून सगळे मला नाना म्हणतात. चांगली पोरं आहेत. एक तुमच्याकडचीच आहे की! नरडाण्याचे लोटन मास्तर माहीत आहेत ना? — त्यांची रंजना. रोज एसटीनं ये-जा करते, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, मला अर्धी देते. डॉक्टरनं मला ठेचा बंद केलाय, ते तिला मी सांगितलेलं नाही.

एकदा तर मॅडमनी कमाल केली. म्हणाल्या, आज सगळ्यांनी म्हातारं व्हायचं. पोरांच्या कानात कापूस घालायला लावला, चष्म्याच्या काचेला व्हॅसलीन चोपडलं, बुटात तुरीचे दाणे टाकले — आणि म्हणाल्या, आता जिना चढा, खाली जाऊन बसचं वेळापत्रक वाचून या. अहो, काय ती मजा! धडधाकट पोरं, भिंतीला धरून चाललीत, "काय म्हणालात, काय म्हणालात" करताहेत. रंजना तर तिसऱ्या पायरीवर रडकुंडीला आली. मी आपला बाकावर बसून होतो. मॅडम म्हणाल्या, "नाना, तुम्ही नाही करणार?" मी म्हटलं, "मॅडम, ह्यांनी घातलं. मी काय काढू?"

वर्ग हसून हसून लोळला. मीही हसलो.

तर सांगत काय होतो — हां, अभ्यास. शेवटचं काम राहिलंय. शुक्रवारपर्यंत द्यायचंय. प्रत्येकानं एक म्हातारं माणूस धरायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याचा दिवस कसा जातो, त्याला घरात कोण काय विचारतं, कोण विचारत नाही, ते सगळं लिहून आणायचं. सोपं आहे ना? म्हातारे काय, पारावर पैशाला पासरी. पण आपली ही पोरं! एक दिवस तासानंतर तोताराम आला — साक्रीकडचा, पहिलवान गडी — म्हणाला, "नाना, एक काम होतं." म्हटलं, बोल. "तुमच्यावर लिहू का?" — माझ्यावर? म्हटलं, अरे, मी तुझ्या बाकावर बसतो, तुझ्याबरोबर परीक्षा देणार, मी कसा चालेन? तो गेला तर दुसरा आला. तोही तेच. आणि तिसरी रंजना! म्हणाली, "नाना, घरच्या घरी होईल हो. तुम्ही सगळं मनमोकळं सांगता." मी चांगला रागावलो तिला. म्हटलं, "पोरी, शास्त्रात असा आळस चालत नाही. जा, खरा म्हातारा शोध." तशी तिनं डबा आवरला. पण जाताना काय म्हणाली — "तुम्हाला सापडला तर मलाही सांगा." अजून कोणी धरलेला नाही तिनं. वाट बघतेय बहुतेक.

आणि मला पण सापडत नाही हो! म्हातारे पुष्कळ भेटले — पण जो तो म्हणतो, मला कुठं काय झालंय, मी अजून शेतात पाण्याचं दारं धरतो, मी अजून सायकल मारतो. कोणी म्हातारा व्हायलाच तयार नाही. — तुमच्या आई कुठायत? मंजुळाबाई? नवरीची आजी घरी थोडीच राहते. — जीपमध्ये? बाहेर जीपमध्ये बसवून ठेवलंय त्यांना? का बरं? — पायऱ्या चढवत नाहीत. अहो, माझ्या दुकानाला तीन पायऱ्या, त्याही बुटक्या. वर माळ्यावर नका नेऊ, इथं खाली आणा की. — नाही नाही, घाई नाही, पण मघाशी आमचा गडी झुलाल वरून विचारत आला ना, "आजीचीर कोणतं काढू?" — तर तुम्ही काय म्हणालात? आठवतंय ना? "तिले काय, कोनतं बी चाली." — मी टोमणा मारत नाही, धनसिंगभाऊ. सगळेच तसं म्हणतात. ह्या गादीवर बसून मी आयुष्यभर हेच ऐकत आलोय. नवरीचा शालू चार चार तास, आणि आजीचीर? चहाचा कप खाली ठेवेपर्यंत. मानाचं लुगडं ते, वरपक्षानं नवरीच्या आजीला द्यायचं, मांडवात सगळ्यांसमोर ओटीत घालायचं — आणि त्या आजीला ते पहिल्यांदा मांडवातच दिसतं! झुलालनं काय केलंय ठाऊक आहे? आजीचीरांचा गठ्ठा वेगळाच लावून ठेवलाय, मातकट, करडं, मळकं हिरवं — कोणी मागितलं की डोळे मिटून वरचं काढतो. गिऱ्हाईकच बघत नाही, तर त्यानं का बघावं?

म्हणून म्हणतो, आणा त्यांना आत. माझाही अभ्यास होईल, त्यांचंही लुगडं होईल. व्याह्यांना काय वाटेल ते माझ्याकडे सोडा, त्यांच्याशी मी बोलतो, बोलणं माझ्याकडेच असतं. — काय म्हणालात? "बघू"?

हे बघा! हेच ते. — नाही, रागावलो नाही, उलट खूश झालो. हा माझा शोध आहे, धनसिंगभाऊ. देवरे मॅडमनी सांगितलं होतं, आपल्या आसपास बघून प्रत्येकानं एक गोष्ट टिपून आणा. कोणी आणलं, म्हातारे तेच ते पुन्हा सांगतात. कोणी आणलं, म्हाताऱ्यांना झोप लागत नाही. हे काय टिपणं झालं? मी काय नेलं असेल? 'बघू'. हा एवढा एक शब्द. तरण्या माणसानं काही मागितलं तर लोक त्याला हो म्हणतात, नाहीतर नाही म्हणतात, नाही म्हटलं की भांडण होतं, भांडणातून काहीतरी निघतं. पण म्हाताऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. विचारून बघा. आबा म्हणाले, मला नवीन कवळी बसवायची — बघू, आबा. नाना म्हणाले, एकदा नाशिकला बहिणीकडे जाऊन येतो — बघू, नाना. आजी म्हणाली, मला ते जांभळं लुगडं घ्या — बघू, आजी, आणि बांधून घेतात मातकट. गोड बोलून, हसून. शिवी दिली तर माणूस उलट बोलेल, 'बघू'ला काय बोलणार? मॅडमनी माझा शब्द फळ्यावर लिहिला. एवढा मोठा! खाली रेघ ओढली. आणि वर्गाला म्हणाल्या, केस पांढरे झाले म्हणून माणूस म्हातारा होत नाही, ज्या दिवशी त्याला विचारायचं बंद होतं त्या दिवशी होतो. मी ते नंदूला येऊन सांगितलं. म्हणाला, "वा, नाना!" — आणि फोन घेतला.

मला विचारतात बरं का. माझं तसं नाही. दिवसातून चार वेळा तर नंदूच विचारतो — "नाना, चहा सांगू का?" गज-कातरीला मात्र मी हल्ली हात लावत नाही. एकदा एका जोडीतलं कापड जरा तिरकं गेलं, तेवढंच, डोळ्यात मोतीबिंदू होता तेव्हा, आता ऑपरेशन झालंय, स्वच्छ दिसतं — पण नंदू म्हणाला, राहू द्या, झुलाल कापेल. भाव पण तोच सांगतो. बरोबर आहे, आता सरकारी कर, सूट, ते सगळं त्यालाच ठाऊक. तो म्हणतो, "नाना, तुम्ही गिऱ्हाइकाशी बोला." आणि बोलणं काय सोपं काम आहे? बोलणारा माणूस नसेल तर दुकान कसलं? मी नसलो तर — आता कॉलेजच्या पहिल्या दिवशीचंच सांगतो, अख्खी दुपार मी दुकानात नव्हतो. गेल्या वर्षी, ऐन तुळशीच्या लग्नानंतरची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. माझ्या जिवाला लागून राहिलं, इकडं काय झालं असेल. धापा टाकत परत आलो, टोपी काढली, इथं ह्याच जागेवर बसलो. नंदू वळून बघतो नि म्हणतो, "नाना, पाणी प्यायला आत गेला होता का?"

असो. गर्दीच होती तशी. जा, आणा मंजुळाअक्कांना. चहा पुन्हा सांगतो. जा म्हणतो ना!

— या, अक्का, या या. सावकाश. इथं, इथं टेका, हा तक्क्या घ्या. बसल्या? पाय पसरा खुशाल, आपलीच गादी आहे. बघा, धनसिंगभाऊ, काय झालं का तीन पायऱ्यांत? चढल्या की नाही? — अक्का, मी रुपचंद. तुमच्या नातीच्या लग्नाचं लुगडं बघायचंय तुमच्यासाठी. तुमचं तुम्ही बघायचं. झुलाल! खाली ये. आजीचीराचा गठ्ठा नको, तो राहू दे — इरकल काढ, मालेगावचं नवं आलंय ते काढ, ते गर्द जांभळं, ते डाळिंबी, सगळं घेऊन ये. अक्का, सांगा, कोणता रंग आवडतो? — काय? "बठ्ठा दखाडा"? ऐकलंत, धनसिंगभाऊ! "बठ्ठा दखाडा" म्हणाल्या. दाखव रे झुलाल, सगळं दाखव, बठ्ठं! हेच पाहिजे होतं मला. हे असंच लिहिणार आहे मी. — नाही, रंग बघू द्या त्यांना, तुम्ही मध्ये बोलू नका. विधवा असल्या म्हणून काय झालं, बघायला काय बंदी आहे? — "मी काय आंधळी शे का?" घ्या! मिळालं उत्तर? अक्का, हे बघा, हे काठ बघा. — "केवढाले शे?" — भावाचं राहू द्या, ते व्याह्यांकडे. — बरं बरं, विचारतो. नंदू, हे जांभळं केवढ्याला? — ऐकलंत ना, अक्का. — महाग? बरं, हे डाळिंबी? — तेही नको. हात फिरवून बघताहेत बघा, पदर उलटा करून बघताहेत. अहो, माझ्या वडलांनंतर असं कापड बघणारं माणूस मला पहिल्यांदा दिसतंय. झुलाल घामाघूम झाला. काढ रे, काढ, सोमवारनंतर काचेआडच ठेवायचंय तुला सगळं.

— काय म्हणाल्या? ते? ते खालचं? अक्का, ते तर — अहो, ते आजीचीराच्या गठ्ठ्यातलं आहे, चुकून आलं वाटतं. ते मातकट कशाला घेता? एवढं जांभळं सोडून? — डाग दिसत नाही? — तपकिरीचा डाग दिसत नाही. हं. — आणि धुवायला हलकं. — म्हणजे तेच ना, अक्का, जे झुलालनं न विचारता तुम्हाला दिलं असतं! एवढा पसारा काढला, आणि शेवटी तेच? — हसू नका, धनसिंगभाऊ, थांबा, ऐकू द्या काय म्हणतात. — "तवय माले कोनी इचारं नव्हतं. आते मी निवाडं."

बरोबर आहे. बरोबर आहे, अक्का. तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं, आता तुम्ही निवडलंत. झुलाल, तेच बांध. आणि घडी नीट घाल, शालूची घालतोस तशी. — बघितलंत ना, भाऊ? लुगडं तेच. मला वाटलं होतं, जांभळं उचलतील आणि माझा शोध सिद्ध होईल. मी काय लिहू आता? मॅडमना काय सांगू? — नाही, सांगेन. हेच सांगेन. लुगडं तेच निघालं म्हणेन, पण अक्कांचं तोंड बघा कसं फुललंय, तेवढं मात्र मला लिहिता येणार नाही.

चला, आता माझे प्रश्न. अक्का, तुम्ही दिवसभर काय करता घरी? — मला? माझं राहू द्या हो, अभ्यास तुमचा आहे. — नाही, तसं नाही... धनसिंगभाऊ, अक्का मलाच विचारताहेत. काय म्हणाल्या? — "तो मोजस, तो फाडस, तो पैसा लेस. मंग तू काय करस आठे?"

मी?

मी ना, अक्का — तो मोजतो, तो फाडतो, तो पैसे घेतो, आणि मी... मी बोलतो. गिऱ्हाईक आलं की बसवतो, चहा पाजतो, बोलतो. — हो, एवढंच. एवढंच कसं, ते मोठं काम आहे, आत्ताच सांगत होतो मी तुमच्या मुलाला. — काय? गादी? आवडली ना? "आठे बरं शे." इथं बरं वाटणारच, कापूस आपल्या शिंदखेड्याकडचाच आहे त्यातला. — येणार? पुढल्या वर्षी धाकट्या नातीच्या बस्त्याला? आणि इथंच बसणार? — जरूर या, पण अक्का, तोपर्यंत इथं खुर्च्या येतील. — पाय लटकतात? खुर्चीवर पाय लटकतात, खरंय. माझेही लटकतात. आता बुटक्या माणसानं करायचं काय? थांबा हं. थांबा जरा.

नंदू! ए नंदू — अरे, ही कोपऱ्यातली एक गादी राहू दे रे. बाकीच्या काढ. काच लाव, आरसे लाव, लाइटा लाव, माझं काही म्हणणं नाही. ही एकच. ह्या अक्का यायच्यात पुढल्या वर्षी, अशी माणसं येतच असतात, त्यांना टेकायला लागतं. आणि गादी ठेवली म्हणजे तिथं बोलायला कोणीतरी पाहिजेच की — तर मी बसत जाईन. दुपारचा. कॉलेज संपलंच म्हण आता, दुपारी मोकळाच असतो. काउंटरच्या आड येणार नाही मी तुझ्या. हं? एवढाच कोपरा. काय म्हणतोस?

...

ऐकलंत ना, धनसिंगभाऊ?

नाही नाही. चांगला मुलगा आहे. नोटा मोजता मोजता थांबला, मान वर केली, हसला पण. "बघू, नाना," म्हणाला.

चहा निवला तुमचा. राहू द्या तो, नका पिऊ. वरून हाक येतेय, बघा, शालू ठरला वाटतं — जा, छान आहे म्हणून या. अक्का, तुम्ही बसा तोवर, कोणी उठवणार नाही. — आणि हो, धनसिंगभाऊ, नरडाण्यावरूनच जाल ना? लोटन मास्तरांच्या दारात घडीभर जीप थांबवा. रंजनाला निरोप द्या. म्हणावं, शुक्रवारच्या आत दुकानात येऊन जा, सोमवारनंतर जागा नसेल बसायला. — कशाला म्हणून विचारलं तर? काही नाही. म्हणावं, म्हातारा सापडला. कळेल तिला.

जा आता. जा, बायका खोळंबल्यात.